रुतब, बुस्र आणि अब्बांच्या पोफळी



आजचा पारा सोळावा. सूरह कहफची शेवटची पानं, मग सूरह मरयम, मग सूरह ताहा. रोजच्यासारखं तीन-चार आयतींवर लिहायचं असं ठरवलं होतं. पण सहरीनंतर वाचायला बसलो आणि मरयमच्या २५व्या आयतीत "रुतब" या शब्दापाशी अडकलो. दिव्याहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली. गाडीत मोबाईल खिशातून काढायलाही जागा नव्हती, तरी डोक्यात तोच शब्द फिरत होता. म्हणून आज एकाच शब्दावर आणि त्याच्या गोतावळ्यावर लिहितोय. पोस्ट लांबली आहे. इफ्तार करून, चहा घेऊन वाचा.

आधी प्रसंग. हजरत मरयम (अ.) लोकांपासून दूर, एकट्या आहेत. प्रसूतीच्या कळा त्यांना खजुराच्या एका बुंध्यापाशी आणतात. त्रास इतका की याच्या आधीच मरण आलं असतं आणि मी कुणाच्या लक्षातही राहिले नसते तर बरं झालं असतं, असं त्या म्हणून जातात. मग खालच्या बाजूने आवाज येतो. दुःख करू नकोस, तुझ्या पायाखाली झरा आहे. बुंधा आपल्याकडे हलव, तुझ्यावर रुतब पडतील. खा, पी, डोळे निववून घे.

आता बघा, खजुराला अरबीत तमर म्हणतात हे आपल्याला लहानपणापासून माहीत. इफ्तारच्या ताटात असतो तो तमर. मग इथे तमर का नाही? तमर म्हणजे झाडावर किंवा उन्हात सुकलेला, महिनोन्‌महिने टिकणारा खजूर. प्रवासात बांधून न्यायचा, कोठारात भरायचा. रुतब तसा टिकत नाही. तो मऊ, ओला, रसाने भरलेला, एक-दोन दिवसांत खाऊन टाकायचा. म्हणजे त्या क्षणी मरयम (अ.) यांना जे मिळालं तो साठवणीचा माल नव्हता. त्या दिवसाचं, त्या घडीचं फळ होतं. आयतीत रुतबला जोडून "जनी" असा शब्द आहे. जना म्हणजे तोडणं, खुडणं. जनी म्हणजे नुकतंच तोडलेलं. मऊपणाही आला आणि ताजेपणाही.

खजुराच्या आयुष्याचे टप्पे अरबीत साधारण असे लावतात. आधी तलअ, म्हणजे आवरण फोडून बाहेर येणारा फुलोरा. कोकणातल्यांना एका शब्दात सांगायचं तर पोय. मग खलाल आणि बलह : हिरवं, कडक, तुरट. मग बुस्र : पूर्ण वाढलेलं, पिवळं नाहीतर लाल झालेलं, पण दाताखाली अजून करकरणारं. मग रुतब. शेवटी तमर. (हल्लीच्या शेतीच्या पुस्तकांत पिवळ्या-लाल टप्प्यालाच खलाल म्हटलेलं दिसेल. जुन्या कोशांत खलाल त्याच्या आधीचा आहे. दोन्ही एकदम वाचलंत तर गोंधळ होईल, म्हणून सांगून ठेवतो.)

बुस्र आपण सगळ्यांनी पाहिलाय. जून-जुलैत मुंब्र्यात, ठाण्यात हातगाड्यांवर पिवळे-लाल घोस टांगलेले असतात ना, कच्छवरून आलेले? तो बुस्र. कच्छमध्ये फळ मऊ पडायच्या आत पाऊस येऊन ठेपतो, म्हणून बहुतेक माल त्या करकरीत अवस्थेतच उतरवतात. गुजराती लोक त्याला खारेक म्हणतात. आणि आपण मराठीत खारीक म्हणतो ती मात्र वाळून सुरकुतलेली, डिंकाच्या लाडवात जाणारी. शब्द एक, फळाची टोकं दोन. मी लहानपणी गाडीवरचे ते पिवळे खजूर हट्टाने घ्यायला लावले आणि तोंड तुरट झाल्यावर गुपचूप आईच्या हातात ठेवले होते.

एका फळाला एवढी नावं कशाला, असं कुणी म्हणेल. ज्यांच्या घरात आंबा आहे त्यांनी तरी हे विचारू नये. मोहोर, बाळकैरी, कैरी, पाडाला आलेला, अढीत घातलेला, पिकलेला, उतरलेला. नारळाचं शहाळं, मग अडसर, मग नारळ. चिंच गाभुळते. भात पोटरीला येतं, मग निसवतं. ज्वारीचा हुरडा होतो. फणसाची कुयरी भाजीला चालते, पुढे तिचाच गरा होतो. ज्या गोष्टीवर पोट असतं तिला माणूस एका नावात बसवत नाही. अरबांचं पोट खजुरावर होतं.

पण मला खरी मजा वाटली ती पुढची. आमच्या ऑफिसात कामाचे तीन खाने असतात : करायचंय, चालू आहे, झालं. "चालू आहे" म्हणजे नेमकं किती चालू आहे हे कुणी सांगत नाही, मॅनेजर तर नाहीच नाही. जुन्या अरबी भाषापंडितांनी नुसत्या "चालू आहे"चे पाच भाग केले आहेत. बुस्रवर मऊपणाचे ठिपके दिसू लागले की तो मुवक्कित. मऊपणा शेपटीकडून सुरू झाला की मुजन्निब (जनब म्हणजे शेपूट). अर्ध्यापर्यंत पोचला की मुजज्जअ. दोन तृतीयांश झाला की हुल्कान. सगळ्या फळात पसरला की मुन्सबित. ही नावं ८व्या-९व्या शतकातल्या बसऱ्याच्या अस्मईच्या नावाने सांगितली जातात. तो आणि त्याच्यासारखे लोक बदाऊंकडे जाऊन शब्द गोळा करत. पुढे ९व्या शतकात दीनवरीने वनस्पतींवर "किताबुन्नबात" लिहिलं. ११व्या शतकात अंदलुसमध्ये इब्न सीदाने "अल-मुखस्सस" हा विषयवार कोश रचला, त्यात खजुराच्या शब्दांचा मोठा विभाग आहे. इब्न सीदा अंध होता. कुठला बुस्र कुठपर्यंत पिकला याचे शब्द तो माणूस ऐकून आणि पाठ करून लावत होता.

शेपटीकडून, हे लक्षात ठेवा. खजूर खरोखर तसाच पिकतो. देठाच्या विरुद्ध टोकापासून मऊ पडायला लागतो आणि देठाजवळचा भाग सगळ्यात शेवटी. जिथे फळ झाडाला धरून असतं तिथला कडकपणा शेवटपर्यंत राहतो. याच्याकडे मी नंतर परत येणार आहे.

इथे एक इशारा. रुतब ऐकून काहींना दुधाचा "रतीब" आठवेल. मलाही आठवला, आणि दोन मिनिटं मी खूशही झालो. पण नाही. रतीब हा शब्द अरबी रातिबवरून आला, ठरलेला नेमणुकीचा वाटा या अर्थाने, आणि त्यातला त वेगळा आहे. रुतबचा त जाड, घशातून येणारा. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात. सारखं दिसलं म्हणून जोडून टाकायचं हा आपल्या रील-छाप अभ्यासाचा रोग आहे, तो इथे नको.

या त-च्या धातूपासूनचे शब्द कुरआनमध्ये दोनच जागी येतात. एक हा रुतब. दुसरा सूरह अनआमच्या ५९व्या आयतीत "रत्ब", म्हणजे ओलं, आणि त्याला लागून "याबिस", म्हणजे सुकं. ओलं असो वा सुकं, सगळं त्याच्याकडे नोंदलेलं आहे, असा तिथला आशय. ओलं आणि सुकं ही अरबीतली फार जुनी जोडी. युनानी हकीम प्रकृती सांगताना अजून हेच दोन शब्द वापरतात.

ताजेपणाचे बाकीचे शब्द भराभर सांगतो. "तरी" : ताजं, मऊ, समुद्रातून मिळणाऱ्या मांसाबद्दल सूरह नहलमध्ये आलाय. आमच्या कोकणात फडफडीत मासळी म्हणतात, तीच. "खदिर" : हिरवं, कोवळं. "यनअ" : फळाचं पिकणं. हे दोन्ही सूरह अनआमच्या ९९व्या आयतीत आहेत, आणि तिथे फळ धरताना आणि पिकताना त्याच्याकडे बघा अशी चक्क आज्ञा आहे. खा असं नाही, बघा. "नादिरा" : सूरह कियामतमध्ये त्या दिवशी काही चेहरे असे असतील म्हटलंय. मराठीत याला टवटवीत हा शब्द अगदी चपखल बसतो, कारण तोही रोपाला आणि चेहऱ्याला दोघांना चालतो.

"हदीम" जरा थांबून बघण्यासारखा आहे. उर्दू वळणाने शिकलेले हजीम म्हणतील. सूरह शुअरामध्ये सालेह (अ.) समूद लोकांना त्यांच्या बागांची आठवण करून देतात, त्यात खजुरीच्या तलअला हा शब्द लावलाय. नाजूक, मऊ, सहज खाली जाणारा. आपण "हजम करणं" म्हणतो ना, त्याचाच धातू. आणि लगेच पुढच्या आयतीत काय, तर हे लोक डोंगर कोरून घरं करणारे. बाग एवढी मऊ आणि हौस दगडाची.

आणि "गद्द". कोवळं, नुकतं फुटलेलं, टवटवीत. हदीसमध्ये हा शब्द फळाला नाही तर तिलावतीला लावलेला आहे. ज्याला कुरआन जसा उतरला तसा ताजा वाचायचाय त्याने इब्न मसऊद (र.) यांच्यासारखा वाचावा, असा प्रेषितांच्या (स.) सांगण्याचा आशय. मला हे वाचून स्वतःची लाज वाटली. रमजानमध्ये रोज एक पारा संपवायचा म्हणून मी ज्या वेगाने वाचतो ते तमरसुद्धा नाही, खारीक आहे.

आता मरयम सूरहची सुरुवात बघा. ही सूरह फळापासून सुरू होत नाही, म्हाताऱ्या झकरिया (अ.) यांच्यापासून होते. हाडं झिजलीत, डोकं पांढरं झालंय, बायको वांझ, आणि मूल होणार असं कळतं. आठव्या आयतीत ते स्वतःच्या वयाबद्दल "इतिय्य" शब्द वापरतात. भाष्यकार सांगतात की अरब लोक लाकूड सुकून कडक झालं की त्याच्याबद्दल हेच क्रियापद वापरत. म्हणजे सुकलेल्या लाकडापासून सूरह निघते आणि सोळा-सतरा आयती ओलांडून रुतबपर्यंत येते. मरयमच्या प्रसंगातला बुंधाही वाळलेला होता असं काही जुने भाष्यकार लिहितात.

इथपर्यंत मी मजेत होतो. शब्द जुळवत होतो, नोट्स काढत होतो. "इतिय्य"पाशी अब्बा आठवले.

आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात. नाव लिहीत नाही, अब्बांना आवडणार नाही. घरामागे वाडी : पोफळी, थोडे माड, दोन आंबे. श्रीवर्धनची रोठा सुपारी तुम्ही ऐकली असेल. कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्रही तिथेच आहे. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं, ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा घेऊन. लॉकडाऊन होता, मी दिव्यात घरात बसलेलो, गावचा फोन लागेना. लागला तेव्हा अब्बा एवढंच म्हणाले, "वाडीत आता आभाळ दिसतं." पोफळींच्या गर्दीत आमच्या वाडीतून आभाळ कधी दिसायचं नाही. सरळसोट झाडं मधूनच मोडून पडली होती. आजोबांनी लावलेला एक आंबा मुळांसकट उलटा झाला होता.

बुखारीत एक हदीस आहे, तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. श्रद्धावंताची उपमा शेतातल्या "खामा"ची दिली आहे. खामा म्हणजे पिकाचं कोवळं, लवचिक रोप. वारा येतो तसं झुकतं, वारा गेला की उभं राहतं. आणि दांभिकाची उपमा अर्जा या ताठ वृक्षाची : तो हलत नाही, आणि जातो तेव्हा एकदम मुळासकट. मी हे किती वेळा वाचलं असेल, लिहिलंही असेल. वादळानंतर गावी गेलो तेव्हा पडलेल्या आंब्याच्या मुळांवर बसून चहा प्यायलो आणि तेव्हा ती हदीस आठवलीसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी अब्बांनी पोफळीची रोपं लावली. उन्हाने करपू नयेत म्हणून मधे केळी. तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, भरघोस उत्पन्नाला त्याहून जास्त. मी काही बोललो नाही. हौस आहे, करू दे म्हटलं.

यंदा रमजान सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी त्यांचा फोन आला. पडलेल्या आंब्याच्या जागी आणखी एक रांग लावायची होती, पंप बदलायचा होता, थोडे पैसे हवे होते. त्यांचे गुडघे गेलेत. मी वर्षभर मागे लागलोय की दिव्याला या, ऑपरेशन करून घेऊ, वाडी कुणाला तरी देऊन टाका. त्या दिवशी माझी रिलीज होती, टीममधली दोन माणसं नुकतीच कमी झालेली, डोकं तापलेलं. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये, फक्त कसं झालं ते सांगतोय. मी म्हणालो, "अब्बा, ही झाडं फळ धरतील तेव्हा तुम्ही असाल का?"

ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर आईच फोन करते. अब्बा नमाजला गेलेत, अब्बा झोपलेत, अब्बा वाडीत आहेत. आणि मी काल इथे काय लिहिलं? पंधराव्या पाऱ्यातल्या सूरह बनी इस्राईलच्या २३व्या आयतीवर. आईवडील म्हातारे झाले की त्यांना "उफ्फ"सुद्धा म्हणायचं नाही, यावर सातशे शब्द. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बरं, पैसे मी दुसऱ्या दिवशी पाठवले होते. न बोलता, जीपेवर. आपण पुरुष लोक हेच करतो. सुका व्यवहार पूर्ण करतो आणि ओलावा राहून जातो.

ताहा सूरह याच पाऱ्यात आहे हे मला रोज माहीत असतं, आज कळलं. ४४व्या आयतीत मूसा (अ.) आणि हारून (अ.) यांना फिरऔनाकडे पाठवताना सांगितलंय की त्याच्याशी "लय्यिन" बोला. लय्यिन म्हणजे मऊ. हाच शब्द लवचिक फांदीला, मुरलेल्या कातड्याला चालतो. फिरऔन कोण, तर मुलं मारणारा. त्याच्याशी मऊ. आणि मी कुणाशी कसं बोललो? ज्याने रोप लावायला पैसे मागितले त्याच्याशी.

त्याच सूरहमध्ये आणखी एक जागा आहे, पटकन सांगतो. मूसांना (अ.) विचारलं जातं, हातात काय आहे? ते म्हणतात काठी, हिच्यावर टेकतो, हिने शेळ्यांसाठी पानं पाडतो. झाडावर काठी मारून पाला पाडण्याला तिथे खास क्रियापद आहे. मागच्या सूरहमध्ये मरयम (अ.) बुंधा हलवतात, फळ पडतं. इथे सुकी काठी हिरवा पाला पाडते. आणि पुढे ७७व्या आयतीत समुद्रातून जी वाट मिळते ती "यबस", म्हणजे सुकी. तिथे सुकेपणा हीच कृपा. त्यामुळे ओलं ते चांगलं आणि सुकं ते वाईट असा सरळ हिशेब कुरआन करत नाही. तमरही सुकाच आहे आणि वर्षभर तोच पोट भरतो. आपल्याकडे काय सुकलंय आणि ते सुकायला हवं होतं का, एवढाच प्रश्न.

दुपारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत (माझ्यासाठी नुसती सुट्टी) तिर्मिजीतली एक हदीस शोधत होतो. एक माणूस येऊन सांगतो की दीनच्या गोष्टी माझ्यासाठी फार झाल्या, एखादी धरून ठेवता येईल अशी सांगा. उत्तर मिळतं की तुझी जीभ अल्लाहच्या स्मरणाने ओली राहू दे. ओली, म्हणजे तिथेही रुतबच्याच धातूचा शब्द. मग सांगणाऱ्याचं नाव बघितलं : अब्दुल्लाह बिन बुस्र (र.). बापाचं नाव बुस्र, करकरीत कच्चा खजूर. मुलाने पुढे पोचवली ती गोष्ट ओल्या जिभेची. योगायोग आहे, यातून काही सिद्ध होत नाही. मी मात्र मॉनिटरकडे बघत बसलो.

दुसरी हदीस शोधावी लागली नाही, आपोआप आठवली. मुस्नद अहमदमध्ये आहे. कयामत येऊन ठेपली आणि हातात खजुराचं रोप असेल, तर जमलं तर ते लावून टाकावं. रोपाला तिथे "फसीला" शब्द आहे, म्हणजे मूळ झाडाच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू, वेगळं काढून लावायचं. पोफळीला असं पिल्लू येत नाही, तिचं रोप बियापासूनच करावं लागतं. अब्बा पिकलेली सुपारी निवडून, वाफ्यात घालून स्वतः करतात. ही झाडं फळ धरतील तेव्हा तुम्ही असाल का, या प्रश्नाचं उत्तर त्या हदीसमध्ये होतं. अब्बांनी ती बहुतेक वाचलेली नाही. ते फार वाचत नाहीत.

पोफळीवरून आठवलं. अरबीत सुपारीला फौफल म्हणतात. तो शब्द मूळ अरबी नाही. आपल्या पूगफल-पोफळवरून फारसीतून तिकडे गेला. नारळही तसाच नारजील होऊन गेला. आणि उलट बघा, आजचे अरब ताज्या भाजीला "ताजज" म्हणतात तो फारसी ताजावरूनच, जो आपण मराठीत सर्रास वापरतो. किनाऱ्यावरच्या लोकांनी एकमेकांना फळं दिली तशी नावंही दिली. आमचे पूर्वज असल्याच गलबतांवरचे, असं घरात सांगतात. खरं-खोटं अल्लाह जाणे.

आजचा इफ्तार ऐरोलीहून परत येताना ठाण्याला प्लॅटफॉर्मवर झाला. डब्यात मऊ इराणी खजूर होते, ते फ्रिजमध्ये ठेवायला लागणारे काळे. अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे की प्रेषित (स.) मगरिबच्या आधी रुतबने रोजा सोडत, रुतब नसले तर तमरने, तेही नसले तर पाण्याच्या घोटांनी. बाजूला उभ्या एका काकांना एक दिला, ते म्हणाले, "साखरेचं आहे मला," आणि तरी खाल्ला.

मग तिथूनच अब्बांना फोन लावला. आईला नाही, अब्बांना.

"रोजा कसा गेला?" ते म्हणाले. जसं काही काल रात्रीच बोललो होतो. मी म्हटलं बरा गेला. "पाणी येतं का नीट तिकडे?" येतं म्हटलं. मग दोघंही गप्प. मागे अनाऊन्समेंट चालू होती. मी विचारलं, "अब्बा, पोफळींना पोय आली का?"

"दोन झाडांना आलीय. त्या कोपऱ्यातल्या." मग आवाज थोडा बदलला. "एकीची अजून उघडली नाही. दुसरी उघडली. फोटो काढून ठेवलाय, आईला सांगतो पाठवायला, मला ते जमत नाही."

मी त्या दिवशी जे बोललो त्याबद्दल बोलायचं ठरवून फोन केला होता. "अब्बा, त्या दिवशी मी..." एवढंच झालं. ते म्हणाले, "गाडी आली असेल तुझी, जा." गाडी खरंच आली होती. म्हणजे माझं मुजज्जअपर्यंत झालंय, अर्ध्यावर. देठाजवळचं राहिलंय.

ईदच्या आधीच्या शनिवारी पहाटेच्या दिवा-सावंतवाडीने माणगाव, तिथून श्रीवर्धनची एसटी. नवीन रांगेचे खड्डे खणायचे राहिलेत असं आई म्हणाली. बघू.

आत्ता हे लिहितोय तोवर फोटो आलाय. थोडा हलला आहे आणि एका कोपऱ्यात अब्बांचं बोट आहे. पोय दिसते, पिवळसर पांढरी, नुकतीच सुटलेली.

उद्या सतरावा पारा, सूरह अंबियापासून. तिथे झकरिया (अ.) पुन्हा भेटतील, ८९व्या आयतीत. वाचून ठेवा.